बाळंतिणीच्या उशाशी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई मला आमंत्रण द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "विषय तुम्हीच निवडा, फक्त फार अवघड नको." मी निवडलेला विषय अवघड मुळीच नाही. येथे बसलेल्या बहुतेकींच्या अंगावरून तो एकदा तरी गेलेला आहे. गर्भारपणात, प्रसूतीच्या वेळी आणि त्यानंतरच्या सव्वा महिन्यात आई व बाळ यांची जी शुश्रूषा करावी लागते, तिच्याविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे. माझी सारी नोकरी नागपुरातल्या प्रसूतिविभागांत परिचारिका म्हणून झाली. डॉक्टरांविषयी आणि औषधांविषयी समाजात पुष्कळ बोलले जाते. बाळंतिणीच्या उशाशी रात्रभर बसणाऱ्या बाईविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. ती बाई काय करते आणि तिच्यावाचून काय अडते, हे आपल्यापुढे मांडावे असा माझा हेतू आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. आपल्या आज्यापणज्यांची बाळंतखोली आठवा, किंवा तिच्याविषयी ऐकले असेल ते आठवा. घरातली सर्वांत अंधारी खोली, खिडकी बंद, खाली शेगडी, अंगाखाली जुनेर. विटाळाच्या कल्पनेमुळे चांगले कापड तेथे जायचे नाही; जे टाकून द्यायचे तेच जायचे. सुईण यायची. तिला दोष देण्याची एक पद्धतच पडून गेली आहे. मला ती मान्य नाही. सुईणीच्या हातात अनुभव होता. पोटावर हात ठेवून बाळाचे डोके खाली आहे की वर, हे ती बरोबर सांगे. तिच्याजवळ धीर होता आणि अडल्यावेळी अर्ध्या रात्री उठून येण्याची माणुसकी होती. नव्हते ते एवढेच, की हाताला न दिसणारी घाण असते आणि ती जीव घेते, हे तिला कोणी शिकवले नव्हते. नाळ ज्या विळ्याने किंवा पात्याने कापली जाई त्यातून बाळाला धनुर्वात होई आणि आठवड्याभरात बाळ जाई. आईला तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप भरे. त्याला सूतिकाज्वर म्हणत, आणि त्याचे खापर सटवाईवर किंवा बाळंतिणीच्या नशिबावर फोडत.

हे अज्ञान फक्त आपल्याकडे होते असे समजू नका. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात, जेथे शिकलेले डॉक्टर बाळंतपणे करीत, तेथे सुईणींच्या विभागापेक्षा जास्त बाळंतिणी सूतिकाज्वराने मरत. १८४७ साली सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने कारण शोधून काढले. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच बाळंतिणीला लागत होते. त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याचा नियम केला आणि मृत्यू झपाट्याने उतरले. तरी त्याच्या काळातल्या पुष्कळ मोठ्या डॉक्टरांना हे पटले नाही. खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना लंडनमधला आपला सुईणींच्या शिक्षणाचा विभाग सूतिकाज्वरामुळे १८६७ साली बंद करावा लागला. त्यानंतर त्यांनी प्रसूतिगृहांतल्या मृत्यूंचे आकडे गोळा करून १८७१ साली त्यावर पुस्तकच लिहिले. नुसती इमारत आणि खाटा मिळाल्या म्हणजे बाळंतीण वाचली असे होत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

आपल्या महाराष्ट्रात या कामाचा आरंभ करुणेतून झाला. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवेने तेथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, आणि वाटल्यास मूल तेथेच ठेवून जावे, अशी ती सोय होती. पुढे आनंदीबाई जोशी झाल्या. वयाच्या चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि दहा दिवसांत बाळ गेले. त्या दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, आणि पदवीसाठी त्यांनी विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचाच. १८८७ च्या फेब्रुवारीत त्या आपल्याला सोडून गेल्या. एका बाळंतखोलीतल्या दुःखाने एवढी मोठी उडी घ्यायला लावली, हे आपण विसरू नये. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने निधी उभा राहिला आणि बायकांसाठी बायकांनी चालवलेली रुग्णालये निघू लागली. नागपुरालाही डफरिन रुग्णालय मिळाले.

पण रुग्णालय निघाले तरी बाई तेथे जाईल कशी? "आमच्या घरच्या बायका काय दवाखान्यात बाळंत होणार?" असा प्रश्न होता. आणि तेथे काम करायला जाणार तरी कोण? दुसऱ्याचे रक्त, मळमूत्र उपसायचे, रात्री-अपरात्री बाहेर पडायचे. हे चांगल्या घरच्या बाईचे काम नव्हे, अशी समजूत होती. ही समजूत मोडण्याचे काम आपल्या नागपुरात एका बालविधवेने केले. त्यांचे नाव कमलाताई होस्पेट.

कमलाताईंचा जन्म १८९६ चा. त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्न लहानपणीच झाले आणि वैधव्यही लवकरच आले. अशा मुलीपुढे तेव्हा दोन वाटा असत: सासरचे स्वयंपाकघर किंवा माहेरचे. कमलाताईंनी तिसरी वाट धरली. त्यांनी डफरिन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले. १९२० च्या डिसेंबरात नागपुरात काँग्रेसचे मोठे अधिवेशन झाले. असहकाराच्या ठरावाने सारा देश ढवळून निघाला. सारे शहर स्वराज्याविषयी बोलत असता, पुढच्याच वर्षी, १९२१ साली, कमलाताईंनी वेणूताई नेने यांच्या साथीने मातृसेवा संघ स्थापन केला. मोजक्या खाटांचे एक लहानसे प्रसूतिगृह, एवढेच त्याचे आरंभीचे रूप. सरकारी मदतीची वाट न पाहता, वर्गण्या जमवीत, घरोघर जाऊन बायकांची समजूत घालीत हे काम वाढले. विदर्भात आणि बाहेरही शाखा निघाल्या, सीताबर्डीवरचा संघ तर साऱ्या नागपूरच्या तोंडी बसला. १९५८ साली संघाने समाजकार्याच्या शिक्षणाची संस्थाही काढली. १९६१ मध्ये कमलाताईंना पद्मश्री मिळाली. १९८१ साली त्या वारल्या. या सभागृहातल्या कितीजणींचा जन्म संघाच्या खाटेवर झाला असेल, हे हात वर करायला सांगितले तर कळेल. पण वयाचा प्रश्न निघेल म्हणून मी सांगत नाही!

कमलाताईंच्या कामातले मर्म मला असे वाटते, की त्यांनी परिचारिकेला घराच्या उंबरठ्याच्या आत आणले. बाई दवाखान्यात गेली ती दवाखान्यावर विश्वास बसला म्हणून नव्हे, तर आपल्यासारखीच लुगडे नेसलेली, आपल्या बोलीत बोलणारी एक बाई तेथे आहे म्हणून.

आता ही परिचारिका नेमके काय करते ते सांगते. तिचे काम तीन टप्प्यांचे आहे.

पहिला टप्पा गर्भारपणाचा. दिवस राहिल्याचे कळले की नाव नोंदवावे, हे आज सर्वांना माहीत आहे. पण नोंदवून भागत नाही. प्रत्येक खेपेला रक्तदाब, वजन, लघवीची तपासणी आणि रक्तातले हिमोग्लोबिन या चार गोष्टी झाल्याच पाहिजेत. रक्तदाब वाढला, पायाबरोबर चेहऱ्यावर आणि हातांवर सूज आली, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, तर ती "गर्भारपणाची सूज" म्हणून सोडून देऊ नये. त्यातूनच पुढे झटके येतात. लोहाच्या गोळ्या निदान सहा महिने घ्यायच्या असतात. पुष्कळजणी त्या डब्यात जमवून ठेवतात, कारण मळमळते किंवा शौचास काळे होते. गोळी जेवणानंतर, रात्री झोपताना घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. काळ्या शौचाला भिऊ नये. आणि आपल्या विदर्भासाठी एक खास गोष्ट. आपल्याकडे सिकलसेलचा आजार पुष्कळ कुटुंबांत आहे. त्याची रक्ततपासणी साधी असते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर दर गर्भारपणी बाळाला तो आजार होण्याचा संभव चारात एक असतो. म्हणून ही तपासणी लग्नाआधी झाली तर उत्तम, निदान दिवस राहताच तरी व्हावी. यात लाज कसली? पत्रिका पाहतो त्याच टेबलावर हा कागदही ठेवावा.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष प्रसूतीचा. पहिलटकरणीला कळा सुरू झाल्यापासून मोकळी होईपर्यंत बारा-चौदा तास सहज लागतात. या वेळात परिचारिका बाळाचे ठोके ऐकते, कळांचे अंतर मोजते, पोटावर हात ठेवून त्यांचा जोर पाहते आणि ते सारे कागदावर मांडते, म्हणजे काम पुढे सरकते आहे की अडले आहे हे वेळीच कळते. पण याखेरीज ती आणखी एक काम करते, आणि त्याची नोंद कोणत्याच कागदावर नसते. ती बाईला एकटी पडू देत नाही. कळ आली की कमरेवर हात दाबते, दोन कळांच्या मध्ये घोटभर पाणी देते, हिंडूफिरू देते. मी अशा बायका पाहिल्या आहेत, की ओरडू नको म्हणून दरडावल्यावर ज्यांचे अंग आवळून आले, आणि "ओरड हवे तेवढे, मी आहे" एवढे म्हटल्यावर ज्या सैल पडल्या. सोबतीला ओळखीची बाई असली तर प्रसूती अधिक सुरळीत होते, हे आता संशोधनानेही सिद्ध झाले आहे. दरडावण्याने कोणाचेही बाळंतपण लवकर झालेले नाही.

बाळ जन्मले की ते कोरडे पुसायचे आणि आईच्या उघड्या छातीवर ठेवायचे. पुसण्यानेच बहुतेक बाळे रडतात. न रडले तर पहिल्या मिनिटाच्या आत त्याला श्वास द्यावा लागतो, म्हणून फुगा आणि मुखवटा आधीच हाताशी तपासून ठेवलेला असावा लागतो. नाळ घाईने बांधायची नसते. एक ते तीन मिनिटे थांबले तर वारेतले रक्त बाळाला मिळते. पहिल्या तासात बाळ अंगावर घ्यायचे.

आणि मग येतो तो वेळ, ज्याला मी सर्वांत जोखमीचा मानते. बाळ झाले, वार पडली, बाहेर पेढे वाटणे सुरू झाले. सर्वांना वाटते, सुटलो. आईच्या पोटातली पिशवी जर घट्ट आवळली नाही, तर याच दोन तासांत रक्त जाऊ लागते. ते आवाज करीत नाही. चादरीखाली, गादीत मुरत जाते. बाई फक्त म्हणते, "मला कसेसेच होते आहे," किंवा "तहान लागली." माझ्या पहिल्या वर्षी आमच्या वडीलधाऱ्या सिस्टरनी मला एका बाळंतिणीजवळ स्टुलावर बसवले आणि सांगितले, की दर पंधरा मिनिटांनी नाडी पाहायची, पोटावर हात ठेवून पिशवी नारळासारखी घट्ट लागते का पाहायचे, आणि चादर उचलून बघायचे; विचारून भागवायचे नाही. तिसऱ्या खेपेला हाताखाली पिशवी मऊ लागली. बाई तोवर हसतखेळत बोलत होती. मी हाक मारली, सिस्टर धावल्या, पोट चोळले, इंजेक्शन दिले, डॉक्टर आल्या, रक्त थांबले. बाहेर तिच्या घरच्यांना यातले काही कळलेही नाही. ते बाळाचे नाक कोणावर गेले याची चर्चा करीत होते. आणि तसेच असायला हवे. चांगल्या शुश्रूषेची खूण हीच, की काही घडले नाही असे वाटते.

तिसरा टप्पा घरी परतल्यानंतरचा. येथे मी आपल्याच विदर्भातले दुसरे उदाहरण देते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' या संस्थेच्या वतीने गडचिरोलीच्या खेड्यांत पाहिले, की बाळे मरतात ती बहुतेक पहिल्या महिन्यात, आणि तीही घरातच. तेथे जवळ रुग्णालय नव्हते. मग त्यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना शिकवले: बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखणे, वेळ पडल्यास इंजेक्शन देणे. एकोणचाळीस गावांत हा प्रयोग झाला. १९९९ साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आले. नवजात बाळांचे मृत्यू सुमारे बासष्ट टक्क्यांनी घटले होते. ज्या बायकांना कोणी नर्सही म्हटले नसते, त्यांनी हे केले. पुढे २०११ साली सरकारने अशी घरभेटीची योजना देशभर घेतली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटून पाहतात. आशाताई दारात आली तर तिला "आमचे डॉक्टर आहेत" म्हणून परतवू नका. आत बोलवा, बाळ दाखवा.

आपल्या घरांतल्या चालीरीतींविषयीही बोलले पाहिजे. त्या साऱ्या टाकाऊ नाहीत. माहेरचे बाळंतपण, सव्वा महिन्याची विश्रांती, तेलाने मालीश, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, बाळंतिणीला दुसऱ्या कामाला हात लावू न देणे, हे सारे शहाणपणाचे आहे, ते जपा. पण बाळाला मध चाटवू नका, त्यातून वर्षाआतल्या बाळाला विषबाधा होऊ शकते. पहिला पिवळसर चीक फेकू नका. तीच बाळाची पहिली लस होय. सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज घुटी नाही, पाणीही नाही. नाळेवर हळद, राख, तेल काही लावू नका. डोळ्यांत काजळ घालू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी ठेवू नका. ऊब हवी तर बाळ आईच्या छातीशी हवे. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची चाल तर अगदी सोडा.

कोणत्या खुणा दिसताच दवाखाना गाठावा, तेही सांगते. आईला तासाभरात घडी भिजेल इतके रक्त जाणे, ताप, दुर्गंधीचा स्राव, तीव्र डोकेदुखी, झटके, एका पायाची पोटरी सुजून दुखणे. बाळाने अंगावर पिणे सोडणे, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, अंग गार किंवा तापलेले, बेंबीतून पू, तळवे-तळपाय पिवळे पडणे. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

आणखी एक दुखणे आहे, ते थर्मामीटरवर दिसत नाही. बाळंतीण रडते, तिला झोप लागत नाही, बाळाकडे पाहावेसे वाटत नाही. आपण म्हणतो, "एवढे सोन्यासारखे लेकरू, आणि रडतेस?" दोन-चार दिवसांचे हळवेपण आपोआप जाते. पंधरा दिवस उलटूनही गेले नाही तर तो आजार समजावा. त्याला उपचार आहे. आणि मुलगी झाली म्हणून घर गप्प झाले असेल, तर त्या बाईचे रडणे आजाराचे नव्हे, ते आपले पाप आहे. मी प्रसूतिगृहाच्या दारात कितीदा तरी ऐकले आहे, "काय झालं?" आणि मग ती शांतता. त्या शांततेत बाळंतीण सारे ऐकत असते.

शेवटी आपल्या मंडळाकडे येते. २०१८ ते २०२० या काळातल्या पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे तेहतीस माता दगावल्या. साऱ्या देशात सत्त्याण्णव. आपली स्थिती बरी आहे, याचा अभिमान वाटावा. पण हे तेहतीस कोण, याचा विचार करा. त्यांत आपल्या मुली-सुना क्वचितच असतील. आपल्या घरी भांडी घासायला, पोळ्या लाटायला येणारी बाई असेल. बांधकामावर विटा वाहणारी असेल. नोकरदार बाईला कायद्याने सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते, ही २०१७ ची सुधारणा. आपल्या घरी काम करणारी बाई आठव्या महिन्यातही जिना चढून येते, कारण न आली तर दुसरी लावली जाईल ही तिला भीती. तिला रजा द्यायची की नाही, हे ठरवणारे सरकार मुंबईत किंवा दिल्लीत नाही. ते आपल्या स्वयंपाकघरात आहे.

म्हणून मी मंडळापुढे तीन सूचना ठेवते. पहिली, आपल्यापैकी प्रत्येकीने आपल्या कामवालीला बाळंतपणात निदान तीन महिन्यांची पगारी रजा द्यावी आणि तिची जागा राखावी. दुसरी, डोहाळजेवणाच्या ओटीबरोबर त्या मुलीचे तपासणीचे कार्ड पाहण्याची चाल मंडळाने पाडावी. हिमोग्लोबिन किती, सिकलसेलची तपासणी झाली का, रात्री-अपरात्री गाडी कोणाची, एवढे विचारावे. तिसरी, आपल्या वस्तीत जी बाळंत होईल, मग ती बंगल्यात असो की झोपडीत, तिच्याकडे मंडळाच्या दोघींनी पहिल्या आठवड्यात एकदा जावे. बाळंतविडा नेला तर उत्तम, न नेला तरी चालेल. बाळाचे अंग हाताला गार लागते का पाहावे, आणि आईला विचारावे, "तू कशी आहेस?" बाळाविषयी सारेच विचारतात, तिच्याविषयी कोणी तरी विचारायला हवे.

यात पैसा फारसा लागत नाही, पदवीही लागत नाही. कमलाताईंनी १९२१ साली जमवले तेही प्रथम माणूसबळच होते. येत्या मासिक सभेत या तीन सूचनांवर चर्चा व्हावी आणि पहिल्या भेटीसाठी दोन नावे लिहून घेतली जावीत, अशी माझी विनंती आहे. पहिले नाव माझे लिहा.